फक्कीची रेघ

माझी नात अमेरिकेत, मेरीलँड राज्यात राहते. तिथल्या सरकारी शाळेतून बारावी पार करायची तर नुसते मार्क पुरत नाहीत, ७५ तास समाजसेवा केल्याची नोंद लागते. साऱ्या राज्यासाठी असा नियम करणारं मेरीलँड हे तिकडचं पहिलं राज्य. १९९७ साली शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांपासून तो लागू झाला. (आपल्याकडे एन.एस.एस.चे वाढीव मार्क मिळतात तसलाच हा प्रकार, असं मी आधी समजून चालले होते!) तर नातीनं तास भरायला निवडलं काय, तर स्पेशल ऑलिंपिक्सच्या पोहण्याच्या सरावाला मदतनीस म्हणून जाणं. पहिल्या दिवशी घरी आल्या आल्या तिचा मला फोन.

"आज्जी, मी खूप घाबरले होते. कुणी बुडलं तर? मी त्या मुलाचा हात सोडलाच नाही. शेवटी तोच मला म्हणाला, सोड."

तिला मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. पण फोन ठेवल्यावर मला पुण्यातलं एक मैदान आठवलं आणि त्यावरची चुन्याच्या फक्कीची रेघ. ती गोष्ट मी पन्नासहून अधिक वर्षं कुणाला सांगितलेली नाही. आज सांगणार आहे. पण मी इतिहास शिकवलेली बाई, त्यामुळे आधी थोडं मागं जाऊ.

नातीच्या घरापासून गाडीनं थोड्याच अंतरावर रॉकव्हिल नावाचं गाव आहे. तिथं टिंबरलॉन नावाच्या मोठ्या आवारात १९६२ साली युनिस केनेडी श्रायव्हर ही बाई भाड्यानं राहत होती. अध्यक्ष जॉन केनेडी हे तिचे थोरले बंधू. या भावंडांत रोझमेरी नावाची एक बहीण होती. ती लहानपणापासून अभ्यासात, समजुतीत मागं. पण ती पोहायची, युनिसबरोबर शिडाच्या होडीत बसून शर्यतीतही भाग घ्यायची. १९४१ मध्ये, ती २३ वर्षांची असताना, वडिलांनी तिच्या मेंदूवर लोबॉटमी नावाची शस्त्रक्रिया करवली. त्यानंतर जी पोर हिंडत-फिरत होती तिला धड चालता-बोलता येईना. पुढं तिला दूर विस्कॉन्सिन राज्यातल्या एका संस्थेत ठेवलं आणि घरात तिचं नाव निघणं जवळजवळ बंद झालं. २००५ साली ती वारली. इतक्या मोठ्या घराण्याला जे लपवावंसं वाटलं, ते साध्या घरांनी माडीवरच्या खोलीत लपवलं असेल तर नवल कसलं? आमच्या वाड्यातही अशी एक खोली होती.

१९६२ च्या सप्टेंबरात युनिसनं 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट' या तेव्हाच्या बड्या साप्ताहिकात लेख लिहून आपली बहीण अशी आहे हे जगाला सांगितलं. (शस्त्रक्रियेबद्दल मात्र त्यात अवाक्षर नव्हतं. धैर्यालाही पायऱ्या असतात.) पण त्या लेखाआधी, त्याच उन्हाळ्यात, तिनं एक गोष्ट करून दाखवली होती. एका आईनं तिला फोन करून गाऱ्हाणं सांगितलं म्हणे, की माझ्या मुलाला कुठलंच उन्हाळी शिबिर घेत नाही. युनिसनं ठरवलं, मग शिबिर आमच्याच अंगणात! अंगण म्हणजे हिरवळ, पोहण्याचा तलाव, घोडे, असलं अंगण. मुलं तिनं खास शाळांमधून आणि दवाखान्यांमधून शोधून आणली. मग प्रश्न उभा राहिला, यांना खेळायला शिकवणार कोण?

तेव्हा अशा मुलांना खेळ शिकवण्याचं शास्त्रच नव्हतं, मग शिक्षक कुठून असणार? जाणकार मंडळी उलट घाबरवत होती. मुलं तलावात बुडतील, घोड्यावरून पडतील, हरवतील, एकमेकांना मारतील. युनिसनं आसपासच्या हायस्कुलांतली आणि कॉलेजांतली पोरं-पोरी गोळा केली. जवळजवळ एका मुलामागे एक विद्यार्थी. ती स्वतः पोहण्याचा पोशाख घालून पाण्यात उतरायची. आणि त्या उन्हाळ्यात मुलं पोहली, घोड्यावर बसली, चेंडू फेकायला आणि झेलायला शिकली. पुढं शिबिर दरवर्षी भरू लागलं, आणि केनेडी घराण्याच्या फाउंडेशननं इतर गावांतल्या अशा शिबिरांनाही पैसे द्यायला सुरुवात केली.

माझं लक्ष या हकीकतीत खिळून राहिलं ते त्या विद्यार्थ्यांवर. इतिहासात त्यांची नावं फारशी नाहीत. युनिसचं नाव आहे, ते असायलाच हवं. पण तलावात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून 'आता माझ्याकडे ये' असं म्हणणारी ती सतरा-अठरा-वीस वर्षांची मुलं होती. मला वाटतं, ते जमलं याचं एक कारण त्यांचं अज्ञान. या मुलांना काय काय जमत नाही हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

याच सुमारास कॅनडात टोरंटोला फ्रँक हेडन नावाचे शारीरिक शिक्षणातले एक संशोधक अशा शाळकरी मुलांच्या चाचण्या घेत होते. त्यांना आढळलं की या मुलांची शारीरिक क्षमता त्याच वयाच्या इतर मुलांच्या निम्मीच भरते. हे सगळ्यांना आधीपासून 'माहीत' होतं. बुद्धी कमी म्हणून अंगातही जोर कमी, संपला विषय. हेडन यांनी विचारलं, पण यांना खेळायला कुणी सोडलंय का? त्यांनी मुलांना नियमित व्यायाम दिला, आणि मुलांची ताकद वाढली. म्हणजे दोष बुद्धीचा नव्हता, बसवून ठेवण्याचा होता. १९६४ साली त्यांचं यावर पुस्तक आलं. पुढं ते केनेडी फाउंडेशनबरोबर काम करू लागले.

हे वाचताना मला आमची शाळा आठवली. पी.टी.च्या तासाला सरांचं पहिलं वाक्य असायचं, "ज्यांना जमत नाही त्यांनी झाडाखाली बसा." ३४ वर्षांच्या नोकरीत ते वाक्य मी किती वेळा ऐकलं, आणि एकदाही त्यावर तोंड उघडलं नाही. असो.

आता माझी गोष्ट.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. सुरुवातीला देशभरात ३७ विद्यापीठं आणि ४०,००० विद्यार्थी. मी तेव्हा पुण्यात बी.ए. करत होते, मराठी माध्यमातून. १९७० मध्ये आमच्या कॉलेजात ही योजना आली. बहुतेकांच्या वाट्याला कुदळ-फावडी आली, रस्ते आणि झाडं. आम्हां चौघांना, दोन मुली आणि दोन मुलगे, दर शनिवारी दुपारी एका शाळेत जायला सांगितलं. तेव्हाचा शब्द 'मतिमंद मुलांची शाळा'. आज तो शब्द वापरत नाहीत, बौद्धिक अक्षमता म्हणतात, सरकारी कागदांत दिव्यांग म्हणतात. अमेरिकेतही तसल्याच अर्थाचा जुना शब्द २०१० साली कायदा करून केंद्र सरकारच्या कायद्यांतून काढून टाकला. शब्द बदलले हे बरंच झालं. पण मी त्या काळाबद्दल सांगतेय, म्हणून एकदा जुना शब्द लिहिला.

आम्हाला शिकवणं वगैरे काही दिलं नव्हतं. "दोन तास मुलांना खेळवा," एवढंच प्राध्यापकांनी सांगितलं. पहिल्या शनिवारी आम्ही लगोरीचे नियम समजावून सांगायला लागलो आणि पाच मिनिटांत अर्धी मुलं उठून गेली! हळूहळू कळलं की सांगून उपयोग नाही, करून दाखवायचं. मग तेही सबंध नाही. चेंडू फेकणं म्हणजे एक क्रिया असं आपण समजतो, पण त्यात चार क्रिया असतात. धरणं, हात मागं नेणं, पाऊल पुढं टाकणं, सोडणं. यातलं सोडणं सगळ्यात अवघड. कित्येक मुलं हात जोरात पुढं आणायची आणि चेंडू मुठीतच! त्यांच्या हातावर आपला हात ठेवून करवून घ्यायचं, मग हात मनगटावर आणायचा, मग कोपरावर, आणि मग काढून घ्यायचा. पुढं पहिलीच्या पोरांना अक्षर गिरवायला शिकवताना मी हेच करत आले. बी.एड.ला हे कुणी शिकवलं नाही, त्या मैदानावर शिकले.

त्या शाळेत तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा होता. अंगानं थोराड, बोलणं जवळजवळ नाहीच, दोन-चार शब्द. तो खेळायला यायचा नाही. मैदानाच्या पायरीवर सगळ्यांच्या चपला काढलेल्या असत, तिथं तो बसायचा आणि चपला जोडीजोडीनं लावत राहायचा. एकही जोड चुकायची नाही. तीन-चार शनिवार मी त्याला हाताला धरून ओढून पाहिलं, पण तो हलायचा नाही. मग एकदा वैतागून मी माझी एक चपल मैदानात पाच-सहा पावलांवर नेऊन ठेवली. तो उठला, गेला, घेऊन आला, जोड लावली. पुढच्या वेळी दहा पावलं, मग वीस. मग मी साडी खोचून त्याच्या शेजारून चपलेकडे पळत सुटले, आणि आपली चपल दुसरं कुणी नेतंय म्हटल्यावर तो पळाला! तो पळताना मी पहिल्यांदा पाहिला तो क्षण मला अजून दिसतो. दिवाळीनंतर तो चपलेशिवायही पळू लागला. हळू, दोन्ही हात पोटाशी धरून, पण न थांबता.

जानेवारीत शाळेचा वार्षिक समारंभ होता. त्यात ५० मीटरची शर्यत ठेवली. प्रमुख पाहुणे, पालक, मांडव, लाउडस्पीकर. आमच्यातल्या मुलांनी सकाळीच फक्कीनं पट्टे आखले. शेवटच्या रेघेवर मी आणि माझी मैत्रीण लाल फीत धरून उभ्या. सहा मुलं धावली. पाच जण आले, फीत तुटली, टाळ्या झाल्या. तो मात्र मागं राहिला होता. लोक अजून टाळ्या वाजवत होते, लाउडस्पीकर गात होता, आणि रेघ बारा-पंधरा पावलांवर असताना तो एकदम हळू झाला. थांबणार असं वाटलं. सगळे बघतायत. माझ्या पोटात खड्डा पडला. त्याचा पचका होईल म्हणून की माझा, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. मी मैत्रिणीला खूण केली, आम्ही फितीची गाठ मारली आणि दोघी फीत धरून पुढं धावलो, आणि ती त्याच्या छातीला लावली. केवढ्या टाळ्या पडल्या! पाहुण्यांचे डोळे भरून आले. त्याला 'खास' बक्षीस म्हणून स्टीलचा पेला दिला. प्राध्यापकांनी माझं कौतुक केलं.

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो, तर तो पायरीवर नव्हता, मैदानात उभा होता. त्यानं माझं मनगट धरलं आणि मला ओढत नेलं. फक्की पुसट झाली होती, पण दिसत होती. आम्ही फीत लावली होती त्या जागेवर तो थांबला, पायानं माती उकरली, आणि पुढं बोट दाखवून म्हणाला, "रेघ तिकडं."

इतकंच. मग चालत आरंभाच्या रेघेपर्यंत गेला. मला शिट्टी वाजवायचंही सुचलं नाही. तो आपणहून पळाला, पुसट रेघ ओलांडली, आणि तसाच चालत जाऊन चपलांपाशी बसला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी तिथं आणखी एक वर्ष गेले. त्याला पळायला शिकवलं, गोळा टाकायला शिकवलं, पण त्या दिवसाबद्दल त्याच्याशी कधी बोलले नाही. काय बोलणार? त्याला समजणार नाही असं समजूनच तर मी ते केलं होतं.

आम्ही पुण्यात फिती पुढं नेत होतो, त्याच्या अडीच वर्षं आधी शिकागोत काय घडलं होतं ते मला साठी उलटल्यावर वाचायला मिळालं. १९६५ साली शिकागोच्या उद्यान विभागानं अशा मुलांसाठी खेळाचे वर्ग काढले होते. शिकवणाऱ्यांत ॲन मॅक्ग्लोन ही विशीतली मुलगी होती. पदवी तिला पुढं १९७६ साली मिळाली, नंतर ती वकील झाली, आणि २०१९ साली इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची मुख्य न्यायाधीश! तर या मुलीनं साऱ्या शहरातल्या मुलांच्या मैदानी स्पर्धा भरवायची कल्पना केनेडी फाउंडेशनपुढं मांडली. युनिसनं म्हटलं, नुसतं शहर कशाला? २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिल्या स्पर्धा झाल्या. (बरोब्बर एक वर्षानं याच तारखेला माणूस चंद्रावर उतरला. ती तारीख आम्ही मुलांकडून पाठ करून घ्यायचो, ही कधीच नाही.) अमेरिकेतली २६ राज्यं आणि कॅनडा मिळून सुमारे हजार खेळाडू. युनिसच्या दुसऱ्या भावाचा, रॉबर्टचा खून होऊन दोन महिनेही झाले नव्हते. एवढं अवाढव्य स्टेडियम, आणि प्रेक्षक जवळजवळ नाहीतच.

मला या संस्थेचं सगळ्यात मोठं काम कुठलं वाटतं, तर तिचा एक नियम. ऐकायला तो कंटाळवाणा वाटतो. स्पर्धेआधी प्राथमिक फेरी घेऊन प्रत्येकाची वेळ नोंदवतात, आणि वय, मुलगा-मुलगी व वेळ बघून सारख्या ताकदीच्या खेळाडूंचे छोटे गट पाडतात. एका गटात सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात हळू यांच्यात साधारण १५ टक्क्यांहून जास्त फरक नसावा, असा दंडक. त्यावर आणखी एक कडी आहे. कुणी प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू धावून सोप्या गटात शिरला आणि अंतिम फेरीत फारच वेगानं आला, तर तो बाद होऊ शकतो! मला हे वाचून हसू आलं आणि मग लाज वाटली. हे खेळाडू लबाडी करू शकतील इतके शहाणे आहेत, हे त्या नियमात गृहीत धरलंय. आणि अशा गटात चार जण धावले तर चौथा येणारासुद्धा खरोखरच चौथा असतो. रेघ जिथल्या तिथं राहते, कुणाला ती उचलून पुढं न्यावी लागत नाही.

अर्थात तिथंही चुका झाल्याच. पूर्वी या स्पर्धांत शेवटच्या रेघेपलीकडे प्रत्येक पट्ट्याला एक स्वयंसेवक उभा करत, येणाऱ्याला मिठी मारायला. विद्यार्थ्यांना हे काम फार आवडायचं म्हणतात. पण खेळाडू पंचवीस-तीस वर्षांचे झाले तरी अनोळखी पोरं त्यांना लहान बाळासारखी कवटाळत होती. त्यावर टीका झाली, आणि ती पद्धत मागं पडत गेली. मी फीत धरून धावले, त्यांनी मिठ्या मारल्या, जात एकच.

इथं एक घोटाळा दूर करते, कारण तो सुशिक्षितांचाही होतो. पॅरालिंपिक्स वेगळं आणि स्पेशल ऑलिंपिक्स वेगळं. पॅरालिंपिक्सचं मूळ इंग्लंडातल्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात, १९४८ साली डॉ. लुडविग गुटमान यांनी जायबंदी सैनिकांसाठी भरवलेल्या स्पर्धांत. आपले मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातले, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेले, त्यांनी १९७२ साली हायडलबर्गला ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक मिळवलं, ते पॅरालिंपिक्समधलं. तेव्हा मी पुण्यातच होते आणि मला ते कळलंही नाही. २०२४ साली सिनेमा आला तेव्हा कुठं घरोघरी नाव झालं.

१९८९ पासून स्पेशल ऑलिंपिक्समध्ये 'युनिफाइड' म्हणजे एकत्र संघांचे खेळ सुरू झाले. बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले एकाच संघात. तिथं विद्यार्थी शिकवायला येत नाही, खेळायला येतो, त्याचाही गोल चुकतो आणि त्यालाही बोलणी बसतात. मला हे टिंबरलॉनच्या पुढचं पाऊल वाटतं. नातीला मात्र ते करायचं नाहीये, तिला पाण्याच्या काठावरच आवडतं.

तिचे ७५ तास केव्हाच भरले, ती अजून जाते. गेल्या महिन्यात तिच्या त्या मुलाची पहिली स्पर्धा होती, २५ यार्ड. फोनवर ती म्हणाली, "आज्जी, शेवटी तो थांबला गं. भिंत एवढीशी राहिली होती, आणि तो थांबून पाण्यातच उभा राहिला."

"मग तू काय केलंस?"

"हात पाठीमागे धरून ठेवले. एका हातानं दुसरा."

तो पुन्हा पोहायला लागला का, हे मी विचारायच्या आत तिला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. मी रात्री उशिरापर्यंत जागी होते. सकाळी उठून पाहिलं तर मेसेज आला होता. भिंतीला हात लागला, गटात शेवटचा, ५८ सेकंद. प्राथमिक फेरीत ६१ लागले होते.